बक आणि बूस्ट: ट्रॅक्टरला एक, लॉरीला दुसरा

(दृश्य: निपाणी-चिकोडी रस्ता, उसाच्या ट्रॉल्या)

उसाचा हंगाम सुरू झाला की या पट्ट्यात ट्रॅक्टर आधी ऐकू येतो, मग दिसतो. त्याच्या गाण्यांच्या अॅम्प्लिफायरला 24 व्होल्ट हवेत, बॅटरी मात्र 12 ची. लॉरीत उलटं: बॅटऱ्या 24 व्होल्टच्या, ड्रायव्हरच्या मोबाईलला हवेत 5. ट्रॅक्टरला व्होल्टेज चढवणारा बोर्ड, तो बूस्ट; लॉरीला व्होल्टेज उतरवणारा, तो बक.

(दृश्य: टेबलावर दोन बोर्ड)

सामान तेच: स्विच, कॉईल, डायोड, कपॅसिटर. फरक जागेचा. बकमध्ये स्विच करंटच्या वाटेतच बसलेला, त्याने वाट तोडली की पुढे काही जात नाही. बूस्टमध्ये कॉईल थेट बॅटरीला, तिच्यापुढे डायोड, आणि स्विच बाजूला, ग्राउंडकडे. स्विच चालवणारी चिप, म्हणजे आयसी, बंद असली तरी आउटपुटला साडेअकरा व्होल्ट येतच राहतात. तिथे शॉर्ट झालं तर करंट अडवणारं कोणीच नाही. म्हणून बूस्टच्या इनपुटला फ्यूज हवाच.

फ्यूज केवढा? अॅम्प्लिफायरला 24 व्होल्टला 3 अँपिअर म्हणजे 72 वॅट. 90 टक्के कार्यक्षमता धरली तर बॅटरीतून 80 वॅट, जवळपास पावणेसात अँपिअर. फ्यूज 10 चा, वायर अडीच स्क्वेअर एमएम. एक्सएल6009 या आयसीचा छोटा बूस्ट बोर्ड इथे चालत नाही. त्याचे म्हणून सांगतात ते 4 अँपिअर आतल्या स्विचचे, आउटपुटचे नव्हेत. हीटसिंकवाला 150 वॅटचा घ्यावा.

लॉरीत एलएम2596 या आयसीचा बक बोर्ड सर्रास लावतात. इंजिन चालू असताना 28 व्होल्ट, वर अधूनमधून व्होल्टेजचे झटके. बऱ्याच बोर्डांवरचा कपॅसिटर 35 व्होल्टचा, आयसीची मर्यादा 40. फार दिवस टिकत नाही. 60 व्होल्ट सोसणारा एचव्ही (हाय व्होल्टेज) बोर्डच बरा.

लोड जोडण्याआधी मल्टिमीटर लावून व्होल्टेज सेट करायचं. त्यासाठी बोर्डावर असलेला स्क्रू दहा-बारा फेरे फिरवूनही आकडा हलला नाही, तर बोर्ड खराब म्हणून फेकू नये. उलट्या बाजूने फिरवून बघावं.

(दृश्य: कारखान्याच्या आवारातली रांग)

रांगेत इंजिन बंद, गाणी चालू. बॅटरी उतरते तसा बूस्ट तेवढेच वॅट पुरवायला जास्त करंट ओढतो, आणि पुढे सेल्फ लागत नाही. 11.8 व्होल्टला तोडणारा कट-ऑफ लावायचा तो इनपुटला. आउटपुटला लावला तर त्याला शेवटपर्यंत 24 च दिसतात.