अफगाण चर्च: कुलाब्याच्या टोकावरचं युद्धस्मारक

कुलाब्यात नेव्ही नगरच्या वाटेवर, झाडीतून वर आलेला हा टोकदार मनोरा. उंची 198 फूट. कागदोपत्री नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट, पण टॅक्सीवाल्याला सांगायचं ते अफगाण चर्च.

मुंबईत अफगाणिस्तान आलं कुठून? काबूलच्या गादीवर आपला माणूस बसवायचा, असं इंग्रजांनी 1838 साली ठरवलं. मुंबई इलाख्याची फौज सिंधमार्गे कंदाहार, गझनीपर्यंत गेली. तीत गोऱ्यांबरोबर नेटिव्ह पलटणीही होत्या. काबूल घेतलं, पण राखता आलं नाही. जानेवारी 1842 मध्ये तिथून माघारी निघालेले सुमारे 4,500 सैनिक आणि 12,000 बाजारबुणगे खिंडींतल्या बर्फात आणि गोळीबारात जवळजवळ सगळे संपले.

त्या मोहिमेतल्या मृतांसाठी हे चर्च. कोनशिला बसली 4 डिसेंबर 1847 रोजी. इंग्लंडहून आलेले आराखडे खर्चात बसेनात, म्हणून काम आलं हेन्री कॉनीबेअर यांच्याकडे. विहार तलावाचं पाणी मुंबईच्या नळांना आणणारे इंजिनिअर ते हेच. चर्च 1858 च्या जानेवारीत खुलं झालं, मनोरा मात्र 1865 पर्यंत रखडला. त्यासाठी पारशी दानशूर कावसजी जहांगीर यांनी 7,500 रुपये दिले.

आत या. टोकदार कमानी, उंच छत, पायाखाली विल्यम बटरफील्ड यांच्या नक्षीच्या फरशा. खिडक्यांच्या रंगीत काचा विल्यम वेल्स यांच्या. सगळं बारकाईनं बघण्यासारखं आहे, पण आधी बाकांकडे बघा. लाकडात या खाचा दिसतात? बंदूक टेकवण्यासाठीच्या. चर्च खुलं झालं तेव्हा उत्तरेत उठाव धुमसत होता. सोजीर प्रार्थनेलाही हत्यारानिशी येत. देवळात येताना चपला बाहेर ठेवणाऱ्या आपल्याला हे जरा चमत्कारिकच वाटतं.

आता भिंतीवरचा लेख. मेलेल्या अधिकाऱ्यांची नावं एकाखाली एक कोरली आहेत. शिपायांबद्दल एवढंच, की ते इतके होते की त्यांची नावं नोंदवणं शक्य नाही. कुणी तलवारीनं मेले, कुणी आजारानं. फौजेमागून चालणारे भिश्ती, उंटवाले, स्वयंपाकी यांचा तर या लेखात उल्लेखही नाही.