जुना फेरफार मिळाला, आता तो नीट वाचू या

नमस्कार मंडळी. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या निमित्ताने महाराष्ट्रात घरोघरी जुनी कागदपत्रं शोधली जातायत. तहसीलचं रेकॉर्ड रूम, शाळेचं जनरल रजिस्टर, सगळीकडे माणसं चकरा मारतायत. हवी ती नोंद सापडली की नक्कल काढायची, फाइलला लावायची आणि सुटलो म्हणायचं. मला याची फार हळहळ वाटते. त्याच पानावर तुमच्या घरातली आणखी चार माणसं असतात आणि त्यांच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही.

म्हणून आज एकच नोंद घेऊ आणि शब्द न् शब्द वाचू. ही मी नमुना म्हणून रचली आहे, पण धाटणी जुन्या वारस फेरफाराचीच आहे, म्हणजे माणूस वारल्यावर जमिनीवर वारसांची नावं लावतात त्या नोंदीची. स्क्रीनवर बघा.

"राणू बिन धोंडी हा सुमारे दोन वर्षांपूर्वी मयत. वारस मुलगे : १) गणू, सज्ञान. २) शिवा, अज्ञान, अ.पा.क. आई सखू कोम राणू. सबब गणूचे नाव ए.कु.मॅ. म्हणून दाखल." साल १९३१.

'बिन' म्हणजे मुलगा, काही ठिकाणी 'वलद' दिसेल. 'कोम' म्हणजे बायको. तेवढ्यावरच तीन पिढ्या हाती आल्या : धोंडी, राणू, आणि गणू-शिवा.

आता राणू वारला कधी? बहुतेक जण वंशावळीत १९३१ लिहून टाकतात. पण १९३१ ला तलाठ्याने नोंद घातली, राणू त्याच्या दोन वर्षं आधीच गेलाय. शिवाय फेरफारावर नोंद मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याच्या सहीची तारीख वेगळीच असते. मृत्यूची तारीख हवी असेल तर गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, गावातल्या जन्म-मृत्यूंची नोंदवही उघडा, आणि १९२८ ते १९३० ची पानं चाळा.

शिवा 'अज्ञान' आहे, म्हणजे अठराच्या आतला. तेव्हा तो १९१३ मध्ये किंवा त्यानंतर जन्मला. बाप १९२९ च्या सुमारास गेला, म्हणजे फार तर १९३० पर्यंतचा. गणू 'सज्ञान', तो १९१३ किंवा त्याआधीचा. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. तिथे आईचं नाव आहे, तेव्हा सखू १९३१ ला हयात होती. वय कुठेही लिहिलेलं नाही, तरी एवढं कळलं!

आणि 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. या तीन अक्षरांपायी भावकीत किती गैरसमज झालेत! सातबारावर एकट्या गणूचं नाव लागतं, आणि पुढे शिवाची नातवंडं म्हणतात, आमच्या आजोबांचं नाव कुठंच नाही. अहो, आहे ना, फेरफारात आहे. सरकारला तुमची वंशावळ लिहायची नव्हती, शेतसारा कुणाकडून वसूल करायचा एवढंच पाहायचं होतं. जुना कागद हातात घेतला की तो कुणी, कशासाठी लिहिला हे आधी विचारा.

सातबारावरून फेरफारापर्यंत पोचायचं कसं? सातबारावर एखाद्या नावाला कंस केलेला दिसतो आणि शेजारी वर्तुळात आकडा असतो. कंस म्हणजे ते नाव कमी झालं, आणि वर्तुळातला आकडा म्हणजे फेरफार क्रमांक. तो धरून मागे मागे जायचं. मध्येच सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आला तर घाबरू नका, ते जमिनींच्या एकत्रीकरणामुळे झालं. जुना-नवा नंबर दाखवणारा उतारा मागा. बऱ्याच जिल्ह्यांचे जुने फेरफार 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेत.

शाळेच्या रजिस्टरात जन्मतारीख १ जून दिसली तर ती अंदाजाने घातली असण्याचीच शक्यता जास्त. जूनमध्ये शाळा उघडायची, गुरुजी पोराकडे बघून वर्ष ठरवायचे. कोतवाल बुकात तर पुष्कळदा बाळाचं नावच नसतं, नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी' आणि बापाचं नाव. बारसं व्हायच्या आधीच वर्दी गेलेली असायची.

मोडी कागद असेल तर जाणकाराकडूनच वाचून घ्या. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं नसतं, शब्दांत जागाही सोडलेली नसते. पेशवाईतल्या कागदावर 'इहिदे सितैन मया व अलफ' असं साल दिसलं, तर ते शुहूर सन ११६१, अरबी शब्दांत लिहिलेलं. हे वर्ष मृगाला सुरू होतं. त्यामुळे इसवी सन काढायला तेव्हापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपत जानेवारी १७६१ चं, म्हणजे याच सनातलं.

आता परत आपल्या नोंदीकडे या. राणूला मुली नव्हत्या का? असतीलही. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा येण्याआधी मुलगे असले की मुलींची नावं वारसांत सहसा लागत नसत. म्हणून अशा फेरफारावरून 'मुली नाहीत' असं वंशावळीत कधीही लिहू नका. १९५६ नंतरच्या नोंदींत मात्र बहिणी दिसू लागतात, सासरच्या नावासकट, आणि पाठोपाठ हक्कसोड पत्राचा, म्हणजे बहिणींनी आपला वाटा सोडल्याचा फेरफार येतो. तुमच्या आजीचं माहेर शोधायचं असेल तर तिच्या सासरचे कागद ठेवा बाजूला. तिचे वडील १९५६ नंतर वारले असतील तर तिच्या भावाच्या गावचा, वडील वारल्यानंतरचा वारस फेरफार काढा. हक्क सोडताना का होईना, तिथे तिचं नाव बहुधा लागलेलं असतं.