नववा माणूस

साल १९५९. समोर दिसतंय ते बी-२४ लिबरेटर, अमेरिकेचं बॉम्बफेकी विमान. नाव 'लेडी बी गुड'. पाठीत मोडलंय, पण बाकी बरंचसं शाबूत. माणसं आत शिरली तेव्हा रेडिओ चालत होता, मशीनगन झडत होती. थर्मासमधला चहासुद्धा पिण्याजोगा होता. माणूस मात्र एकही नाही.

हे लिबियाचं वाळवंट. समुद्र इथून शेकडो किलोमीटर.

४ एप्रिल १९४३. लिबियातल्याच सोलूखच्या तळावरून हे विमान इटलीतल्या नेपल्स बंदराकडे निघालं. आत नऊ जण, आणि सगळ्यांची मिळून ही पहिलीच मोहीम. परतताना अंधारात वैमानिक हॅटनने रेडिओवर विचारलं, आम्ही कुठे आहोत? बेनिनाच्या रेडिओ केंद्रातून दिशा कळवली गेली. पण तिथला अँटेना फक्त रेषा दाखवायचा. विमान तिच्या या टोकाला आहे की त्या, हे त्याला कळत नसे. बहुधा तिथेच घोळ झाला. तळ मागे पडला, खालून सोडलेले प्रकाशबाण कुणाला दिसले नाहीत, आणि विमान आणखी दोन तास वाळवंटात शिरत राहिलं. इंधन संपत आलं तसे रात्री दोनच्या सुमाराला सगळ्यांनी उड्या मारल्या. रिकामं विमान पंचवीसेक किलोमीटर पुढे जाऊन आपलं आपणच पोटावर टेकलं.

शोध घेतला गेला तो समुद्रात.

खाली आठ जण एकत्र आले. जॉन वोराव्का सापडेना. सहवैमानिक टोनरची डायरी पुढे मिळाली. त्यात हिशेब आहे: अर्धी बाटली पाणी, माणशी दिवसाला एक झाकण. तळहातावर तीर्थ घेतो ना आपण, साधारण तेवढं.

ते चालले वायव्येला. विमान होतं दक्षिणेला; पाणी आणि रेडिओही तिथेच. मागून येणाऱ्यांसाठी त्यांनी वाटेत बाणाच्या खुणा केल्या. पॅराशूटच्या पट्ट्या, लाइफ जॅकेट, वर दगड. हो, वाळवंटात लाइफ जॅकेट.

९ एप्रिलला पाच जणांचे पाय थांबले. शेली, रिप्सलिंगर आणि व्हर्नन मूर मदत आणायला पुढे निघाले. मूर ओहायोचा, विमानातला गनर. १२ तारखेला टोनरने लिहिलं: अजून मदत नाही, रात्र फार थंड. ती शेवटची नोंद.

१९६० च्या फेब्रुवारीत ते पाचही जण एकाच जागी सापडले. मे महिन्यात शेली आणि रिप्सलिंगर, त्यांच्या उत्तरेला आणखी तीसचाळीस किलोमीटरवर. एवढं अंतर, त्या पाण्यावर! ऑगस्टमध्ये वोराव्काही मिळाला, नीट न उघडलेल्या पॅराशूटसकट.

मूर त्या दोघांच्या मागे पडला होता की पुढे निघून गेला होता? वाळूने तेवढं सांगितलं नाही. ट्युनिशियात, कार्थेजच्या युद्धस्मशानात, बेपत्ता सैनिकांच्या ३,७२४ नावांत त्याचं नाव कोरलेलं आहे. डायरीच्या त्या ओळीत ज्यांची वाट पाहिली जात होती, त्या तिघांतला एक.