इथिओपियाचा समुद्र नेमका कधी गेला?

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओत बोलता बोलता मी "इथिओपिया भूवेष्टित देश आहे" म्हणून गेलो आणि खाली रणकंदन माजलं. निम्मे म्हणतात, "दादा, मसावा बंदर त्यांचंच की!" बाकीचे म्हणतात, "त्यांना समुद्र कधी नव्हताच." दोघंही चुकताय.

जुजबी माहिती पटकन उरकतो. राजधानी आदिस अबाबा. लोकसंख्या 12 कोटींच्या वर, समुद्रकिनारा नसलेल्या देशांत जगात सगळ्यात जास्त. मधे उंच पठार, त्याला चिरत गेलेली खचदरी, ताना सरोवरातून निघणारी निळी नाईल. झालं.

आता खरी मेख. किनारा गेला 1993 ला. बंदर गेलं 1998 ला. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत!

आधी सनावळी. 1890 ला इटलीनं तांबड्या समुद्राकाठी एरिट्रिया ही वसाहत केली. 1896 ला सम्राट मेनेलिकनं अडवाच्या लढाईत इटलीला धूळ चारली, पण किनारा इटलीकडेच राहिला. 1952 ला संयुक्त राष्ट्रांच्या ठरावानं एरिट्रिया संघराज्य म्हणून इथिओपियाला जोडला गेला. 1962 ला सम्राट हैले सेलासींनी ती स्वायत्तता मोडून त्याचा सरळ प्रांत करून टाकला. मग 30 वर्षं युद्ध, 1993 ला सार्वमत आणि एरिट्रिया स्वतंत्र. अख्खा किनारा त्यांच्याकडे. म्हणजे आधुनिक काळात इथिओपियाकडे समुद्र होता उणीपुरी 41 वर्षं.

(यात माझा एक मार्क गेलाय. 94 ची सहामाही, मी मोठ्या भावाचा जुना नकाशासंग्रह बघून गेलेलो. त्यात किनारा होता! बाईंनी लाल रेघ मारली. बाईंचं बरोबर होतं, तरी राग आहे.)

पण 1993 नंतरही इथिओपियाचा बहुतेक माल एरिट्रियाच्या असाब बंदरातूनच येत होता. गाववाल्यांना लगेच कळेल. पुढचं रान भावाच्या नावावर झालं, सातबारा वेगळा. तरी तुमची बैलगाडी त्याच्या बांधावरून जाते, कुणी अडवत नाही. मग एक दिवस बांधाचं भांडण होतं आणि तो वाटेत बाभळीच्या फांद्या टाकतो. सातबारा गेला 93 ला, फांद्या पडल्या 98 ला. भांडण होतं बादमे नावाच्या छोट्या गावाचं, आणि त्यात हजारो माणसं मेली. "एरिट्रिया भाऊ नव्हे, त्यांनी लढून घेतलंय" अशी कमेंट येणारच. मान्य. उपमा फक्त रस्त्यापुरती आहे.

अजून पटलं नसेल तर कंटेनरच्या मागे जा. आज इथिओपियाचा 90 टक्क्यांहून जास्त व्यापार शेजारच्या जिबूती देशातून होतो, त्यासाठी साधारण 750 किलोमीटरचा विजेवरचा रेल्वेमार्ग टाकलाय. सीमेपासून समुद्र काही ठिकाणी 100 किलोमीटरही नाही, पण ती वाट असाबची! 2018 ला समेट झाला, मिठ्या झाल्या, तरी ती वाट काही वाहती झाली नाही. गंमत म्हणजे नौदल 1996 ला गुंडाळलं, पण सरकारी मालवाहू जहाजं चालूच राहिली. लागतात अर्थात दुसऱ्याच्या धक्क्याला.

आणि त्याच कोपऱ्यात दानाकिलचा खोलगट भाग आहे, समुद्रसपाटीच्या 100 मीटरहून जास्त खाली. कधीकाळी तांबड्या समुद्राचं पाणी इथं आत शिरलं, आटलं आणि मिठाचे थर ठेवून गेलं. अफार लोक त्या थराला दांडे घालून तुकडे उचकटतात, बसून कडा तासतात, सारख्या मापाच्या लाद्या करून उंटावर बांधतात. या लाद्या, 'अमोले', कित्येक शतकं चक्क पैसा म्हणून चालायच्या.

"मलिक अंबरवर कधी?" विचारणाऱ्यांनो, वाचतोय मी. हो, तो हबशी, याच मुलखातला, गुलाम म्हणून विकला जात दख्खनेत आला आणि त्यानं खडकी वसवली, म्हणजे पुढचं औरंगाबाद. त्याला शेवटच्या अर्ध्या मिनिटात नाही कोंबणार. पुढच्या रविवारी. तोवर बंदर कधी गेलं ते खाली लिहा. 93 लिहिणाऱ्यांनी व्हिडिओ मागे घ्या.