किती घ्यायचं, हे कोणी ठरवायचं? सुटी भाजी आणि पाकीटबंद भाजी

मित्रहो, आजचा विषय रोजचाच आहे, आणि रोजचा असल्यामुळे त्याच्याकडे थांबून कोणी बघत नाही. फळं-भाज्या सुट्या घ्याव्यात की पाकीटबंद? हा प्रश्न निघाला की बोलणं लगेच प्लॅस्टिकवर जातं. प्लॅस्टिक डोळ्यांना दिसतं, केराच्या डब्यात जागा खातं, त्याचा राग येणं साहजिक आहे. पण मला आधी वेगळ्या गोष्टीबद्दल बोलायचं आहे. पाकीट आपल्या वतीने एक निर्णय परस्पर घेऊन टाकतं: किती घ्यायचं. माझ्या मते पाकिटाचा सगळ्यात मोठा दोष हा आहे. प्लॅस्टिकचा नंबर त्यानंतर.

तुम्हाला दोन टोमॅटो हवे आहेत आणि पाकिटात सहा आहेत. उरलेले चार एक-दोन दिवस बरे असतात. मग एखादा देठापाशी मऊ पडतो, त्याला पांढुरकी बुरशी धरते, आणि शेजारच्या टोमॅटोला ती लागते. तोवर दुसरी ताजी भाजी घरात आलेली असते. शेवटी पाकिटासकट सगळं टाकलं जातं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात २०२२ या एका वर्षाचा हिशेब आहे. त्या वर्षी दुकानं, खानावळी आणि घरं मिळून सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं साठ टक्के घरांमधलं होतं. म्हणजे सर्वांत मोठी गळती शेवटच्या टप्प्यावर, आपल्या ओट्यावर आणि आपल्या फ्रीजमध्ये आहे. ती थांबवायची तर आणतानाच मोजकं आणायला हवं, आणि मोजकं आणायची मुभा सुटी भाजी देते.

पण पाकिटामुळे भाजी घरी जास्त टिकते का? ब्रिटनमधल्या ‘रॅप’ या संस्थेने हे तपासून पाहिलं. सफरचंद, केळी, ब्रोकोली, काकडी आणि बटाटे असे पाच प्रकार त्यांनी घेतले, काही पाकिटात आणि काही सुटे ठेवले, निरनिराळ्या तापमानांना ठेवले. २०२२ साली निष्कर्ष आले. या पाचांपैकी बहुतेकांच्या बाबतीत घरी आल्यानंतर पाकिटामुळे टिकाऊपणात फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो थंडाव्यामुळे. हे पाच प्रकार सुटे विकले आणि त्यांच्यावरची ‘बेस्ट बिफोर’ तारीख काढून टाकली, तर एकट्या ब्रिटनमधल्या घरांमध्ये वर्षाला सुमारे एक लाख टन अन्न वाचेल आणि दहा हजार टनांहून जास्त प्लॅस्टिक लागणारच नाही, असा त्यांचा अंदाज आहे.

आता याच्या उलट बाजूचा पुरावाही तुमच्यापुढे ठेवतो, कारण तो तितकाच भक्कम आहे. स्वित्झर्लंडच्या एम्पा या संशोधन संस्थेने स्पेनहून ट्रकने येणाऱ्या काकड्यांचा अभ्यास केला. काकडीभोवतीचं ते पातळ, घट्ट प्लॅस्टिक तुम्ही पाहिलं असेल. काकडीमुळे पर्यावरणावर जो एकूण भार पडतो, त्यात या वेष्टनाचा वाटा जेमतेम एक टक्का निघाला. आणि एक काकडी फेकून दिली, तर तिचा भार अशा ९३ वेष्टनांइतका होतो. म्हणजे वेष्टन काढलं आणि त्यामुळे शंभरातल्या दोन काकड्या जरी जास्त सुकून गेल्या, तरी आपण तोट्यात आहोत.

मग खरं कोणाचं? दोघांचंही. रॅपने काकडी घरात आल्यानंतरची पाहिली, एम्पाने शेतापासून दुकानापर्यंतची. लांबच्या प्रवासात, कोरड्या हवेत वेष्टन काकडीचं पाणी धरून ठेवतं. घरात थंड जागी ठेवून चार दिवसांत खायची असेल, तर त्याच वेष्टनाला करण्यासारखं काही उरत नाही. त्यामुळे ‘प्लॅस्टिक हटवा’ किंवा ‘पाकीटच बरं’ अशी सरसकट घोषणा मला पटत नाही. भाजी कोणती, ती किती लांबून आली आणि आपण ती कधी खाणार, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

भाजी तोडली म्हणजे मेली, असं नसतं. ती श्वास घेत राहते: प्राणवायू आत घेते, साठवलेली साखर जाळते, कार्बन डायऑक्साइड आणि उष्णता बाहेर टाकते. शिवाय तिच्यातलं पाणी सतत उडत असतं. बटाट्याला स्वतःची जाड साल आहे, कांद्याला कोरडे पापुद्रे आहेत, केळ्याला सालीचं जाड आवरण आहे. यांना वरून आणखी कपडे कशाला? काकडी म्हणजे जवळजवळ ९५ टक्के पाणी, आणि तिची साल पातळ. पालेभाजीचं पान दोन्ही बाजूंनी उघडं, म्हणून शंभरातले पाच-सात भाग पाणी गेलं तरी ती मान टाकते. स्ट्रॉबेरी, रासबेरी यांसारख्या नाजूक फळांना तर पाण्याइतकीच धक्क्याची भीती असते. ढिगात ओतली तर तळाची चेपतात. अशांना डबा हवाच.

चांगल्या पाकिटाला बारीक भोकं असतात, ती उगाच नसतात. आत प्राणवायू थोडा कमी आणि कार्बन डायऑक्साइड थोडा जास्त राहिला, की भाजीचा श्वास मंदावतो आणि ती उशिरा म्हातारी होते. पण हे गणित थंडीत जमतं. तेच पाकीट उबेत पडलं की श्वास वाढतो, वाफ धरते आणि आतून थेंब साचतात.

हे मी तुम्हाला दाखवतो. (व्याख्यात्यांनी टेबलावरचं टोमॅटोचं पाकीट उचलून धरलं.) वरून बघा, सहाही टोमॅटो लाल, तुकतुकीत. लेबल मध्यावर चिकटवलेलं आहे, म्हणजे मधले दोन नीट दिसतच नाहीत. आता उलटं करतो. इथे कोपऱ्यात दव धरल्यासारखे थेंब दिसतात? आणि या एका टोमॅटोवर, जिथे तो तळाला टेकलाय, तिथे साल सुरकुतली आहे आणि थोडं पाणी सुटलंय. हे पाकीट घेणाऱ्याने सहाचे पैसे दिले आणि पाचच घरी नेले. परवापर्यंत चारही उरणार नाहीत. पाकीट घ्यायचंच असेल तर उलटं केल्याशिवाय घेऊ नका.

सुट्या भाजीचंही नुकसान होतं, आणि ते आपणच करतो. पिकलेलं नासपतीचं फळ अंगठ्याने दाबून बघितलं जातं. त्या क्षणी काही दिसत नाही. दुसऱ्या दिवशी बरोबर अंगठ्याएवढा तपकिरी डाग उमटतो आणि ते फळ कोणी घेत नाही. दहा जणांनी दाबलं, एकाने घेतलं. वाकडं गाजर, लहान सफरचंद, घडातून सुटलेलं केळं मागे राहतं. निवडून घ्या, पण डोळ्यांनी आणि नाकाने निवडा. देठ हिरवा आहे का, वास येतोय का, हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागतंय का, एवढं पुरतं. आणि आजच खायचं असेल तर ते एकटं राहिलेलं केळं उचला.

तारखेबद्दल थोडं. अख्ख्या फळावर ‘बेस्ट बिफोर’ लिहिलेलं असतं, ते चवीच्या आणि ताजेपणाच्या अंदाजाचं असतं. रॅपच्याच चाचणीत फ्रीजमधली सफरचंदं त्या तारखेनंतर अडीच महिने चांगली राहिली, ब्रोकोली दोन आठवड्यांहून जास्त. चिरलेल्या भाजीचं मात्र तसं नाही. चिरताना पेशी फुटतात, रस सुटतो, जंतूंना आयतं खाद्य मिळतं. चिरलेल्या पाकिटावर ‘यूज बाय’, म्हणजे ‘या तारखेपर्यंतच वापरा’, अशी तारीख असेल, तर ती पाळाच.

‘पाकीट म्हणजे स्वच्छ’ या समजुतीला आधार नाही. २००६ साली अमेरिकेत पाकीटबंद पालकातून ई. कोलाय या जंतूची साथ पसरली. २६ राज्यांत सुमारे २०० लोक आजारी पडले, तिघे दगावले. आणि २०११ साली त्याच देशात अख्ख्या खरबुजांतून लिस्टेरिया या दुसऱ्या जंतूची त्याहून भीषण साथ आली, ३३ माणसं गेली. त्या फळांभोवती पाकीट नव्हतं. जंतू शेतात किंवा हाताळणीत लागतात, ते पाकीट आहे की नाही हे बघत नाहीत. फळ सालीसकट टाकून द्यायचं असलं, तरी कापण्याआधी धुवा, कारण सुरी सालीवरचं सगळं आत नेते.

कायदेही आता हळूहळू याच वाटेने चाललेत. फ्रान्सने १ जानेवारी २०२२ पासून तीसेक फळं-भाज्यांवरचं प्लॅस्टिक बंद केलं, ते आधी न्यायालयात अडलं, २०२३ मध्ये नव्याने लागू झालं, आणि २०२४ मध्ये न्यायालयाने तेही रद्द केलं. युरोपीय संघाच्या २०२५ च्या नियमानुसार १ जानेवारी २०३० पासून दीड किलोपेक्षा कमी ताज्या फळं-भाज्यांना एकदाच वापरायचं प्लॅस्टिक गुंडाळता येणार नाही. पण पाणी उडून जाण्याचा, जंतूंचा किंवा चेपण्याचा धोका असेल तिथे सवलत देण्याची मुभा त्यात ठेवलेली आहे. ती सवलत मला योग्य वाटते, कारण ती प्रत्येक भाजीचा स्वभाव विचारात घेते.

मागच्या रांगेतून एक प्रश्न आला आहे: ज्यांची बोटं सांधेदुखीने आखडली आहेत, ज्यांना चिरता-सोलता येत नाही, त्यांनी काय करायचं? त्यांनी निःसंकोच चिरलेलं पाकीट घ्यावं. पाकीट नसतं तर त्यांच्या ताटात भाजीच आली नसती. मात्र लहानातलं लहान पाकीट बघावं. मोठ्या पाकिटाचा दर किलोमागे कमी दिसतो खरा, पण टाकून दिलेल्या भागाचे पैसेही त्यात धरून हिशेब करा. आणि अख्ख्या भाजीचं पाकीट आणलं असेल, तर घरी आल्याबरोबर ते उघडा, दुखावलेलं एखादं आधी बाजूला काढून त्याच दिवशी वापरा, बाकीची पुसून कोरडी करा, बटाटे असतील तर अंधारात ठेवा, आणि केळी-सफरचंदं पालेभाजीपासून दूर ठेवा. पिकताना त्यांच्यातून इथिलीन वायू सुटतो, त्याने पानं लवकर पिवळी पडतात.