ईसीएम उडालाय म्हणे!

[सकाळ. बारीक पाऊस. टोचन लावून आणलेली पांढरी हॅचबॅक गॅरेजच्या दारात.]

कोल्हापूर, शिवाजी उद्यमनगर. शेजारच्या शेडमध्ये लेथ सुरू झालेत. गगनबावड्याकडून एक पेट्रोल गाडी आलीय आणि तिच्याबरोबर तिचं निदानही आलंय. दुसऱ्या कुठल्याशा गॅरेजनं कागदावर लिहून दिलेलं: "ईसीएम खराब. बदलणे." ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर. खाली आकडा. तो आकडा बघूनच मालकांनी गाडी इथवर ओढत आणलीय.

मिस्त्री कागद वाचतात आणि घडी घालून परत देतात. "असू दे मालक. आधी सेल्फ मारा बघू."

सेल्फ लागतो, इंजिन फिरतं, पण उचलत नाही. मिस्त्रींची नजर मात्र बॉनेटकडे नाही, मीटरवर आहे. चावी फिरवली की इंजिनाचा पिवळा दिवा पेटायला हवा. या गाडीत तो पेटत नाही. मागच्या सीटखालचा पेट्रोल पंप दोन सेकंद गुणगुणायला हवा, तोही गप्प.

कंपनीच्या पुस्तकात कुठे ईसीयू, कुठे ईसीएम. गॅरेजमध्ये बहुतेक ईसीएमच. हाताच्या पंजाएवढा अॅल्युमिनियमचा डबा. क्रँक सेन्सर, हवेचा दाब, थ्रॉटल, पाण्याचं तापमान, सगळ्यांचं ऐकून तो ठरवतो की इंजेक्टर किती वेळ उघडायचा आणि ठिणगी कधी टाकायची. आठशे आरपीएमला क्रँकचा एक फेरा ७५ मिलिसेकंदांत होतो. चार सिलिंडरच्या इंजिनात तेवढ्यात दोन ठिणग्या पडायला हव्यात. ठिणगी आणि इंधन दोन्ही सांभाळणारा असा डिजिटल डबा बॉशनं १९७९ साली बीएमडब्ल्यूच्या ७३२आय गाडीत बसवला. आपल्याकडे साध्या घरातल्या गाडीत तो आला २००० च्या सुमारास, कार्ब्युरेटर गेला आणि एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरनं पेट्रोल फवारणं, आलं तेव्हा. मिस्त्री कार्ब्युरेटरच्या काळातले. जेट फुंकून गाडी चालू करणारे हात आज मल्टिमीटर धरतात.

[डॅशबोर्डखाली वाकलेला पोरगा. हातात स्कॅनर.]

स्टिअरिंगखालचा हा सोळा पिनांचा सॉकेट म्हणजे ओबीडी, गाडीतले बिघाडाचे कोड वाचायची जागा. पोरगा स्कॅनर लावतो.

"काय बोलतोय रे?"

"इंजिन बोलतच नाही मिस्त्री. एबीएस बोलतोय, एअरबॅग बोलतोय."

"मग एबीएसला विचार."

एबीएसमध्ये, म्हणजे ब्रेक सांभाळणाऱ्या डब्यात, कोड सापडतो, यू०१००. म्हणजे एबीएस सांगतोय की इंजिनाच्या ईसीएमशी माझा संपर्क तुटलाय. बहुतेक गॅरेजमध्ये तपास इथंच संपतो आणि कागदावर आकडा पडतो. पण कोड फक्त एवढंच सांगतो की शेजारी फोन उचलत नाही. शेजारी मेलाय, की त्याच्या घरची लाइट गेलीय, हे कोड सांगत नाही. गाडीचा मुख्य घोटाळा तोच आहे. ईसीएमवर आळ येतो कारण त्याच्या आत दिसत नाही. वायर दिसते, पण ती सोलायला, वाकायला, शोधायला वेळ लागतो, आणि त्या वेळेचे पैसे द्यायला गिऱ्हाईक तयार नसतं. डब्याचे पैसे मात्र मुकाट देतं.

म्हणून आधी लाइट बघायची. बॅटरी १२.५ व्होल्ट. फ्यूज शाबूत. मेन रिले, म्हणजे ईसीएमला सप्लाय जोडणारा विजेवर चालणारा स्विच, ओढत नाही, पण ते साहजिक आहे, कारण तो रिले ओढायचा हुकूम ईसीएमच देतो. मिस्त्री रिलेच्या जागी वायरचा तुकडा टाकून सप्लाय सरळ जोडतात. डबा तरीही मुका.

मग ईसीएमचा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, काढतात आणि खिशातून निघतो एक बल्ब. इंडिकेटरचा, २१ वॉटचा, दोन वायरी लावलेला.

महागडा मीटर हातात असताना बल्ब कशाला? मीटर जवळजवळ करंट घेतच नाही. वायरच्या वीस तारांपैकी एकोणीस कुजल्या असल्या तरी उरलेल्या एका तारेवर मीटर ऐटीत बारा व्होल्ट दाखवतो. ईसीएमला खरा करंट लागला की तीच वायर बसते. २१ वॉटचा बल्ब सुमारे पावणेदोन अँपियर ओढतो. तो सप्लायच्या पिनवरून थेट ईसीएमच्या अर्थच्या पिनवर लावायचा. लख्ख पेटला तर दोन्हीकडची वायर खरी. मिणमिणला तर डबा निर्दोष, चोर वायरीत. बल्ब जळत असताना अर्थच्या पिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मीटर लावला, तर आकडा ०.१ व्होल्टच्या आत हवा.

बल्ब लख्ख पेटतो. अर्थवर ०.०४.

पोराचे डोळे चमकतात. "म्हणजे ईसीएमच!"

"दम धर. पाच व्होल्ट कोण बघणार?"

बॅटरी बाराची असली तरी ईसीएम बऱ्याच सेन्सरना पाचच व्होल्ट देतो. आणि एकाच पाच व्होल्टच्या लाइनवर चार-चार सेन्सर बसलेले असतात. त्यातला एक आतून शॉर्ट झाला की सगळी लाइन खाली बसते, काही गाड्यांत तर अख्खा ईसीएम गप्प होतो. मागं एका गाडीत एसीच्या गॅसचा दाब मोजणारा सेन्सर शॉर्ट होता. एसीचा! इंजिनाशी काय संबंध? पण गाडी बंद. त्या गाडीलाही "ईसीएम उडालाय" असंच सांगितलं होतं.

कपलर परत बसवून, पाच व्होल्टच्या लाइनवर मीटर लावून मिस्त्री एकेक सेन्सर सोडवत जातात. मॅप (हवेच्या दाबाचा), थ्रॉटल, एसी, कॅम, क्रँक. प्रत्येक वेळी मीटरकडे बघतात. शून्य. सगळे सुटले तरी शून्य. ईसीएमचा कपलर पुन्हा काढून पाच व्होल्टची वायर बॉडीला कुठे टेकलीय का, तेही तपासतात. टेकलेली नाही.

आता आळ सिद्ध झाला. कागदावर लिहिलेलं बरोबर होतं म्हणायचं, पण त्यांनी ते न तपासता लिहिलं होतं.

[ईसीएमचं झाकण. सिलंट कापणारं पातं.]

झाकण निघतं आणि आत हिरवं दिसतं. पिनांच्या मुळाशी हिरवट थर, त्याखाली बोर्डाची तांब्याची रेघ खाल्लेली. पाणी. ईसीएम ग्लोव्हबॉक्सच्या बाजूला, तिथं पाणी कुठून? मिस्त्री वायपरखालची जाळी उचलतात. पाणी वाहून जायची भोकं जांभळाच्या पानांनी गच्च बुजलीत. साचलेलं पाणी रबरी बुचाच्या कडेनं आत उतरलं आणि वायरीचा हात धरून थेंब थेंब कपलरपर्यंत पोचलं.

"गाडी जांभळाखाली लावता?"

मालक ओशाळं हसतात.

हे सापडलं नसतं तर नवा डबाही पुढच्या पावसाळ्यात गेला असता. इग्निशन कॉइल शॉर्ट होऊन ईसीएम जळतो, तेव्हाही हेच. कॉइल तशीच ठेवून डबा बदलला की दुसरा डबाही जळतो, आणि मग गिऱ्हाईक दुकानदाराशी भांडतं.

बदली डबा मुंबईहून येतो, कुर्ल्याच्या भंगार बाजारातून. गाडीचं मॉडेल सारखं असून भागत नाही. स्टिकरवरचा हार्डवेअर नंबर आणि सॉफ्टवेअर नंबर, दोन्ही जुळावे लागतात. मिस्त्री बिल मागून घेतात. जुना डबा कुणाच्या गाडीतून निघालाय, हे विचारलेलं बरं.

पण हा डबा नुसता बसवला तर गाडी चालू होऊन लगेच बंद पडेल, किंवा होणारच नाही. चावीत एक छोटी चिप असते, तिला बॅटरी नसते. इग्निशनभोवतीची कॉइल तिला जागं करते, चिप आपला नंबर सांगते, आणि ओळख पटली तरच इंजेक्टर उघडतात. कुर्ल्याच्या डब्याला ओळख आहे ती दुसऱ्याच कुणाच्या चावीची. नवा डबा घेतला असता तर कंपनीच्या स्कॅनरवर गुप्त पिन नंबर टाकून चावी शिकवता आली असती. इथं वेगळी वाट. या गाडीत चावीची ओळख आठ पायांच्या एका चिपमध्ये आहे, ईईप्रॉम. जुन्या बोर्डावर पाणी तिथवर पोचलेलं नाही. पोरगा तिच्यातला डेटा वाचतो, दोनदा वाचून ताडून बघतो, आणि मग कुर्ल्याच्या डब्यात उतरवतो. तेवढा वेळ लॅपटॉप आणि प्रोग्रॅमरच्या वायरीला कुणी हात लावायचा नाही. गाडीवरच सॉफ्टवेअर भरायचं असेल तेव्हा बॅटरीला चार्जर लावून ठेवतात. अर्ध्यात व्होल्टेज पडलं तर चांगला डबा वीट होऊन बसतो.

डिझेल असती तर आणखी एक काम होतं. बऱ्याच कॉमन रेल गाड्यांत प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर कोड छापलेला असतो. तो नव्या ईसीएममध्ये भरावा लागतो, नाहीतर इंजिन खडखडतं.

[चावी फिरते. पिवळा दिवा पेटतो. मागून पंपाचा आवाज.]

सेल्फ. गाडी उचलते. आयडल जरा वरखाली होतं. थ्रॉटल नव्यानं शिकवल्यावर आठशेवर बसतं. मालक पाकीट काढतात. मिस्त्री हातानंच थांबवतात.

बुच नवीन बसलंय, भोकं मोकळी झालीत, आणि वायरीला कपलरच्या आधी खाली झोळ दिलाय, म्हणजे थेंब आला तरी तिथूनच गळून पडेल. पोरगा टॉर्च घेऊन ग्लोव्हबॉक्सखाली आडवा होतो. मिस्त्री काचेवर बादली ओततात. मग दुसरी.

"काय दिसतंय?"

"कोरडं हाय, मिस्त्री."

"अजून एक ओततो. हालू नको."