समुद्रावरचे पक्षी बघायला कधी जायचं? आधी तिथी बघा!

नमस्कार मंडळी!

मागच्या व्हिडिओत मी सिंधुदुर्गातल्या पक्ष्यांच्या सहलीचा नुसता उल्लेख केला आणि कमेंटमध्ये जत्रा भरली. "ताई, कुठल्या ग्रुपबरोबर जाऊ?" "ताई, खर्च किती?" "ताई, कॅमेरा कुठला घेऊ?" मी नाव कुणाचंच सांगणार नाही. खर्च तुमच्या राहण्याखाण्यावर. आणि कॅमेऱ्याचं म्हणाल तर आधी दुर्बीण घ्या हो! आठ बाय बेचाळीसची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची. पन्नास हजारांची लेन्स गळ्यात आणि दुर्बीण नाही, अशी माणसं बघितली की मला काही सुचत नाही.

बाकी तयारी पटकन सांगते, ती तुम्हाला माहीतच आहे. मळकट रंगाचे कपडे, टोपी, पाणी, चिखलात चालणारे बूट, आणि फोन सायलेंटवर. हिवाळ्यात जा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे किनाऱ्यावर पाहुणे पक्षी असतात आणि आंबोलीत पावसाळी पर्यटकांची गर्दी नसते. झालं.

आता मुद्द्यावर येते. सहल घाट आणि समुद्र अशी दोन्हीकडची असते. आंबोली, तिळारी वर, आणि मालवण, वेंगुर्ला खाली. लोक दोन्हीकडे एकच घड्याळ लावतात. पहाटे उठायचं, साडेसहाला बाहेर. घाटात हे शंभर टक्के बरोबर आहे. किनाऱ्यावर? किनाऱ्यावरच्या पक्ष्यांना तुमच्या पहाटेशी काही देणंघेणं नाही. ते पाण्याच्या वेळापत्रकावर जगतात. ओहोटीला चिखल उघडा पडला की खायला पांगतात, मग ती रात्रीची दोनची ओहोटी का असेना. भरतीने चिखल झाकला की कडेला येऊन थांबतात.

एकदा मी एका ग्रुपबरोबर गेले होते, नाव राहू दे. सकाळी सहाला खाडीवर नेलं. पाणी पार आत गेलेलं. लांबवर चिखलात ठिपके हलताहेत. गाइड म्हणाला, "ते चिखले." म्हणजे चिखलात टिपत फिरणारे छोटे पक्षी. बरं. पुढचा ठिपका? "तेपण चिखले." साडेआठला सगळ्यांना नाश्त्याला परत नेलं, कारण नाश्ता साडेआठला ठरलेला. आणि त्याच वेळी पाणी चढत होतं! म्हणजे पक्षी पायापायाने आमच्याकडे येत होते आणि आम्ही घावणे खायला निघालो होतो. मग दहाला किल्लादर्शन. चारला पुन्हा खाडी. पुन्हा पाणी उतरलेलं, पुन्हा ठिपके. त्या दिवशी पौर्णिमा होती. पौर्णिमेला इकडे भरती साधारण अकरा-साडेअकराला भरते, म्हणजे पहाटे ओहोटी आणि संध्याकाळीही ओहोटी. नेमक्या त्या दोन्ही वेळा गाठल्या आम्ही. पैसे भरून.

तर हिशोब शिका. कोकणातला जुना हिशोब आहे, कुठल्याही घरातल्या आजोबांना येतो. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. जे येईल ती पूर्ण भरतीची वेळ. सप्तमी असेल तर सात पाऊणे सव्वापाच. द्वादशीला नऊ. त्रयोदशीला पावणेदहा. पौर्णिमेनंतर प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं, वद्य पक्षालाही हाच नियम. दिवसाला दोन भरत्या, मध्ये बारा तास पंचवीस मिनिटांचं अंतर, म्हणून सकाळी पावणेदहा तर रात्री दहाच्या सुमारास दुसरी. हा ठोकताळा आहे. भरती आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे मालवणला जी वेळ असेल ती मुंबईत नसते, आणि खाडीत आत गेलात की आणखी उशीर. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. नेमकी वेळ हवी असेल तर भरती-ओहोटीचं कोष्टक फोनवर मिळतं. पण सहल ठरवताना भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं.

मग कुठली तिथी चांगली? माझं उत्तर : द्वादशी-त्रयोदशी. का ते सांगते, कारण मागच्या वेळी एका काकांनी लिहिलं होतं, "ताई, ज्योतिष सांगायला लागलात का?" काका, ज्योतिष नाही, ऊन! आपला समुद्र पश्चिमेला. सकाळी समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की सूर्य पाठीशी. पक्ष्यावर सरळ उजेड, पायांचा रंग दिसतो, चोच दिसते. संध्याकाळी तेच सगळं काळं. चिखले आणि तुतारी हे किनाऱ्यावरचे पक्षी ओळखताना पायांचा रंग नाही दिसला तर संपलंच. म्हणून चढतं पाणी सकाळी हवं. त्रयोदशीला साडेसातला जाऊन उभे राहा, दहापर्यंत पाणी पक्ष्यांना तुमच्याकडे ढकलत आणतं. तुम्ही एक पाऊल हलायचं नाही.

"अष्टमी-नवमीलाही सकाळी सहा-सातला भरती येते की!" येते. पण तो भांग असतो, म्हणजे कमी जोराची भरती. मालवणात एकदा रापणीवरच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या एका तात्यांना मी विचारलं, थवा अजून काठाला का नाही आला? त्यांनी वरदेखील बघितलं नाही. "आज भांग आसा गो बाये, पाणी वर येवचा नाय." भांगाला भरती अपुरी असते, चिखल पुरता झाकला जात नाही. पक्ष्यांना काठाकडे यायची गरजच पडत नाही. त्रयोदशीला उधाण जवळ आलेलं असतं, पाण्याला जोर असतो. वेळ, ऊन आणि जोर, तिन्ही जमतात.

आता सगळ्यात जास्त आलेली कमेंट. "आम्हाला शनिवार-रविवारच मिळतो, तिथी कुठून आणू?" कबूल. मग दिवस बदलू नका, क्रम बदला. सप्तमीचा शनिवार आहे? भरती संध्याकाळी सव्वापाचला. सकाळ आंबोलीत काढा, दुपारी उतरा, आणि देवबागला जा. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, मधे माडांची चिंचोळी पट्टी. संध्याकाळी तिथून खाडीकडे, म्हणजे पूर्वेला बघायचं. सूर्य आपोआप पाठीशी! भांग आहे, त्यामुळे थवा मोठा नसेल, पण उजेड तरी चांगला मिळेल. गाइडला पैसे देण्याआधी एवढंच विचारा : "किनाऱ्याच्या दिवशी भरती किती वाजता आहे?" "बघू तिकडे गेल्यावर" असं उत्तर आलं तर दुसरा गाइड शोधा.

आणि पाणी चढल्यावर थवा जवळ आला की त्याच्यात धावू नका. रील बनवायला कुरवांच्या, म्हणजे सीगलच्या थव्यात पळणारी पोरं... मी काही बोलत नाही. नाही, बोलतेच. भरतीची वेळ ही त्यांची विश्रांतीची वेळ. चिखल झाकलेला, खायला काही नाही, उडालं की साठवलेली चरबी जळते. या किनाऱ्यावरचे काही चिखले तिबेटच्या पठारावर घरटी करतात, मार्च-एप्रिलमध्ये त्यांना तिथवर परत जायचंय. आपल्याला सगळ्यात जवळून दिसतात तेव्हाच त्यांना सगळ्यात जास्त त्रास देता येतो, म्हणून लांब उभे राहा. कुणा पक्ष्याच्या पायात अभ्यासकांनी लावलेली रंगीत झेंडी दिसली तर रंग आणि अक्षरं टिपून बीएनएचएसला, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवा.

एकाने लिहिलंय, माझ्या व्हिडिओतला समुद्री गरुड ही घार आहे. भाऊ, ब्राह्मणी घार विटकरी असते. समुद्री गरुड वरून राखाडी, डोकं-पोट पांढरं, शेपूट आखूड पाचरीसारखी, घिरट्या घालताना पंख वर उचललेले. पंजात समुद्रसाप लोंबत होता, तो तरी बघायचा!

घाट. इथे पहाटच. धुकं असेल तर चहा घ्या आणि थांबा. ग्रुप लहान का हवा, हे आंबोलीच्या जंगलात कळतं. कर्णा हा पक्षी फांदीवर न हलता बसतो, पाठ तुमच्याकडे करून. पायवाट एक माणूस मावेल एवढी, स्कोप, म्हणजे तिपाईवरची मोठी दुर्बीण, एकच. सहा-सात जण असले तर सगळ्यांना दिसतो. वीस असले तर पुढच्या तिघांना दिसतो आणि मागच्यांना पुढच्यांच्या पिशव्या. मिश्र थवा आला तरी तेच. कोतवाल, निखार, सुतार हे पक्षी एकदम येतात आणि दोन मिनिटांत पुढे जातात, तेवढ्यात कुजबुजत सांगावं लागतं. तिळारीच्या बाजूला, जिथे 2020 मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र झालं, तिथे धनेश बघायला मिळतात. फेब्रुवारीनंतर मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर एकटा चारा आणतो, तेव्हा त्या झाडाखाली तासन्‌तास बसायचं नाही. नर घाबरून आला नाही तर आत मादी आणि पिल्लं उपाशी. आणि स्पीकरवर रेकॉर्डिंग वाजवून पक्षी बोलावणारा गाइड असेल तर सरळ सांगा, बंद कर.

"वेंगुर्ला रॉक्सवर उतरवतात का?" म्हणजे वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातल्या खडकाळ बेटांवर. उतरायचं नाही. तिथे गुहांमध्ये पाकोळ्यांची लाळेची घरटी आहेत, ती चोरीला जायची. समुद्र शांत असेल तर होडीतून लांबूनच बघा.

शेवटचा प्रश्न, "मालवणात फ्लेमिंगो?" त्यासाठी इतक्या लांब येऊ नका. मुंबईकर असाल तर ऐरोलीहून ठाणे खाडीत वनखात्याची बोट मिळते. तिची वेळ रोज वेगळी का असते, हे आता मला विचारू नका. पुढच्या व्हिडिओत दुर्बिणी. बजेट खाली लिहून ठेवा.